जयपाल सिंह मुंडा अभिवादन ठराव : मसुदा तपासून हवा आहे

निवृत्त प्रतिवेदक (कोथरूड)

सर्वांना नमस्कार.

विधिमंडळाच्या कामकाजाचे शब्दशः प्रतिवेदन लिहिण्यात माझी सारी नोकरी गेली. आमच्या वाचन मंडळाने येत्या ३ जानेवारीला महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची अभिरूप संसद भरवायचे ठरवले आहे. त्या दिवशीचे पहिले कामकाज म्हणून जयपाल सिंह मुंडा यांना अभिवादन करणारा ठराव मांडला जाईल, कारण त्यांचा जन्म ३ जानेवारी १९०३ चा. शोकप्रस्ताव ऐकत आणि उतरवून घेत केस पांढरे झालेला माणूस म्हणून मसुद्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले.

ज्यांनी सभागृहाचे कामकाज जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो की, शोकप्रस्तावाला एक ठरलेला साचा असतो. जन्म, शिक्षण, कितव्यांदा निवडून आले, कोणकोणती पदे भूषवली, कोणत्या संस्था काढल्या आणि शेवटी पोकळी किंवा प्रेरणा यांपैकी एक शब्द. मग इतर पक्षांचे नेते बोलतात, सदस्य स्तब्ध उभे राहतात आणि सभागृह पुढच्या कामाला लागते. साचा वाईट नाही, घाईच्या वेळी तो उपयोगी पडतो. मी त्याच साच्यात पुढील मसुदा केला आहे.

«हे सभागृह थोर नेते, विख्यात हॉकीपटू आणि घटना समितीचे सदस्य कै. जयपाल सिंह मुंडा यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करीत आहे. खुंटीजवळच्या टाकरा या दुर्गम खेड्यातील एका वनवासी कुटुंबात जन्मलेल्या जयपाल सिंह यांनी प्रतिकूल परिस्थितीवर मात करून ऑक्सफर्डपर्यंत मजल मारली. १९२८ च्या अ‍ॅम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय हॉकी संघाचे ते कर्णधार होते. घटना समितीत त्यांनी आपल्या भोळ्याभाबड्या समाजबांधवांच्या व्यथांना वाचा फोडली. १९५२ पासून १९७० मध्ये निधन होईपर्यंत ते लोकसभेचे सदस्य होते. त्यांचे कार्य पुढील पिढ्यांना सदैव प्रेरणा देत राहील.»

काही राहिले असल्यास किंवा चुकले असल्यास जाणकारांनी निःसंकोच सांगावे.

लकडीपूल

मसुदा नेटका झाला आहे. एकच खुलासा करतो. जयपाल सिंह त्या संघाचे कर्णधार होते हे खरे, परंतु व्यवस्थापनाशी मतभेद झाल्याने ते अंतिम सामन्यापूर्वीच संघातून बाजूला झाले आणि नेदरलँड्सविरुद्धचा शेवटचा सामना संघ त्यांच्याशिवाय खेळला. तुमचे वाक्य चुकीचे ठरत नाही, पण एखादा विद्यार्थी उत्साहाच्या भरात «अंतिम सामन्यात नेतृत्व केले» असे बोलून जाईल, म्हणून आधीच सांगून ठेवलेले बरे.

भीमाशंकरची वाट

काका, मी आंबेगाव तालुक्यातली, महादेव कोळी समाजातली आहे आणि सध्या पुण्यात राज्यशास्त्रात एम. ए. करते आहे. मसुदा तुम्ही आपुलकीने लिहिला आहे हे वाचताना जाणवते, म्हणूनच थोडे सविस्तर लिहिते.

या मसुद्यात जयपाल सिंह जन्माला येतात, शिकतात, खेळतात, निवडून येतात आणि निधन पावतात. ते बोलत मात्र नाहीत. ज्या माणसाला आपण सभागृहाचा सदस्य म्हणून अभिवादन करणार, त्याच्या सभागृहातील बोलण्याला तुम्ही एक वाक्य दिले आहे आणि तेही त्यांचे नव्हे, आपल्या शोकप्रस्तावांचे आहे. «व्यथांना वाचा फोडली» हे वाक्य कोणत्याही आदिवासी आमदाराच्या नावापुढे लावता येते आणि लावले जातेही.

१९ डिसेंबर १९४६ रोजी उद्दिष्टांच्या ठरावावर ते बोलले, ते भाषण मी अनेकदा वाचले आहे. त्यात गाऱ्हाण्याचा सूर नाही. आपण जंगली आहोत याचा अभिमान वाटतो असे ते सांगतात, सिंधू संस्कृतीपर्यंत मागे जाऊन बाहेरून आलेले कोण याची आठवण देतात आणि ठरावाला पाठिंबा देताना पंडित नेहरूंच्या शब्दावर आपण विश्वास ठेवत आहोत असे बजावतात. आदिवासींना लोकशाही शिकवण्याच्या भानगडीत पडू नका, ती तुम्हालाच त्यांच्याकडून शिकावी लागेल, असा त्या भाषणाचा गाभा आहे. समोर बसलेल्या बॅरिस्टरांना हे सांगणारा माणूस भोळ्याभाबड्यांची व्यथा मांडत होता असे म्हणणे म्हणजे त्याचे भाषणच काढून घेणे होय.

पुढे २२ जुलै १९४७ रोजी राष्ट्रध्वजाचा ठराव आला, तेव्हाही त्यांनी पाठिंबाच दिला, पण झेंडा ही केवळ सुसंस्कृत म्हणवणाऱ्यांची मिरास नाही, छोटानागपूरच्या जत्रांमध्ये गावागावाचा स्वतःचा झेंडा असतो आणि एकाचा झेंडा दुसऱ्याला उचलता येत नाही, हे त्यांनी सभागृहाला ऐकवले. दारूबंदीच्या कलमाला त्यांनी विरोध केला, कारण तांदळाची दारू हा त्यांच्या समाजात पूजेचा आणि भातलावणीचा भाग होता. हिंदी अनुवादात «बनजाति» असा शब्द आला तेव्हा «आदिवासी» हा शब्द का नाही, असा प्रश्न त्यांनी उपस्थित केला. आता तुमच्या मसुद्यातला «वनवासी» हा शब्द पुन्हा एकदा वाचून पाहा. ज्या शब्दासाठी माणूस भांडला तो शब्द बाजूला सारून, ज्या प्रकारच्या शब्दाविरुद्ध भांडला तसाच शब्द त्याच्या अभिवादनात आला आहे.

निवृत्त प्रतिवेदक (कोथरूड)

वनवासी हा शब्द हातून गेला खरा. सवयीने गेला, ही सबब पुरेशी नाही हे मान्य आहे.

सभाशास्त्र

वरील प्रतिसादातील माहिती मोलाची असली तरी एका मूलभूत गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. अभिवादनाचा ठराव हा आरोपपत्र नसतो आणि वादविवादही नसतो. «मरणान्तानि वैराणि» ही आपल्याकडची जुनी रीत आहे. सभागृहात आयुष्यभर एकमेकांवर तुटून पडलेली माणसे शोकप्रस्तावावर बोलताना हात आखडता घेतात, त्यामागे ढोंग नसून मर्यादेची जाण असते. जयपाल सिंह दारूबंदीविरुद्ध बोलले आणि घटना समितीने तरीही ते कलम स्वीकारले, हे अभिवादनात आणल्यास कोणाचा गौरव होणार आहे? बिरसा मुंडा यांचे तैलचित्र १९८९ मध्ये मध्यवर्ती सभागृहात लागले, त्यांचा पुतळा १९९८ मध्ये संसदेच्या आवारात उभा राहिला, १५ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस २०२१ पासून जनजातीय गौरव दिवस म्हणून पाळला जातो. या सर्व प्रसंगी कोणी हिशेब मांडत बसले नाही आणि त्यामुळे अभिवादन उणे ठरले नाही.

औंधचा वाचक

सभाशास्त्र यांनी बिरसांचे उदाहरण दिले, तेच उदाहरण मला उलट दिशेने नेते.

बिरसांना अभिवादन करताना हिशेब मांडावा लागत नाही, कारण तो हिशेब परस्पर मांडलेला असतो. त्यांचे उलगुलान, म्हणजे बंड, इंग्रज सत्तेविरुद्ध होते, ९ जून १९०० रोजी त्यांना मरण आले ते इंग्रजांच्या रांचीच्या तुरुंगात आणि जमिनीचे जे कायदे पुढे झाले तेही इंग्रजांनी केले. (त्या लढ्यात दिकू, म्हणजे बाहेरून आलेले जमीनदार आणि सावकार, हाही प्रतिपक्ष होता, पण भाषणांत त्यांच्यावर कोणी फार वेळ रेंगाळत नाही.) संसदेत त्यांचे चित्र लावताना संसदेला स्वतःबद्दल काहीच बोलावे लागत नाही, कारण बिरसांच्या हयातीत ती संसदच नव्हती. आपल्या महाराष्ट्रात राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली, बाबूराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांदा येथे झाली. त्यांच्या पुतळ्यांना हार घालताना कोणत्याही पक्षाच्या आमदाराचा हात अडखळत नाही, तो याच कारणाने.

जयपाल सिंह यांचे तसे नाही. त्यांचा प्रतिपक्ष हेच सभागृह होते. त्यांनी मागणी केली ती याच सभागृहाकडे आणि ती मान्य अथवा अमान्य केली तीही याच सभागृहाने. १९५२ च्या निवडणुकीत त्यांच्या झारखंड पक्षाने बिहार विधानसभेच्या ३२ जागा जिंकल्या आणि तो तिथला प्रमुख विरोधी पक्ष झाला. राज्य पुनर्रचना आयोगापुढे स्वतंत्र राज्याची मागणी गेली, ती फेटाळली गेली. झारखंड राज्य झाले ते १५ नोव्हेंबर २००० रोजी, म्हणजे त्यांच्या निधनानंतर तीस वर्षांनी आणि बिरसांच्या जन्मदिवशी. त्या तारखेच्या निवडीतही एक संकेत आहे असे मला नेहमी वाटते. राज्याची मागणी सभागृहात मांडणारा बाजूला राहिला आणि सभागृहात कधी न बसलेल्याचा दिवस राज्याला लाभला. बिरसांचा मान कमी करावा असे मी म्हणत नाही. बंडखोराला हार घालणे सोपे असते, सभासदाला हार घालताना मात्र त्याला आपण काय उत्तर दिले होते हे आठवावे लागते, एवढेच मला म्हणायचे आहे.

खडकवासला

अमेरिकेतही हाच प्रकार दिसतो. तिथल्या संसदेच्या इमारतीत प्रत्येक राज्याचे दोन पुतळे असतात. न्यू मेक्सिकोने २००५ मध्ये पोपे यांचा पुतळा दिला, ते पुएब्लो या मूळनिवासी लोकांच्या १६८० मधील उठावाचे नेते. तो उठाव स्पॅनिश सत्तेविरुद्ध होता, त्यामुळे अमेरिकी काँग्रेसला त्यात अवघडण्यासारखे काही नव्हते. उलट चार्ल्स कर्टिस पाहा. कॉ या मूळनिवासी जमातीचे कर्टिस सिनेटमध्ये होते, १९२९ ते १९३३ या काळात अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष होते, पण १८९८ च्या ज्या कायद्याने इंडियन टेरिटरीतील जमातींची स्वतःची सरकारे मोडीत निघाली त्या कायद्याला त्यांचेच नाव आहे. त्यांचा अर्धपुतळा सिनेटच्या संग्रहात आहे. या माणसाला अभिवादन करताना नेमके कोणते वाक्य लिहायचे?

विनिपेगची आजी (मूळ सहकारनगर)

मी वर्षातले सहा महिने लेकीकडे कॅनडात असते. औंधच्या वाचकांनी मांडलेल्या मुद्द्याचे एक उदाहरण आमच्या फिरण्याच्या वाटेवरच उभे आहे, म्हणून लिहिते.

लुई रिएल हे मेती लोकांचे पुढारी, म्हणजे मूळनिवासी आणि फ्रेंच अशा दोन्ही वंशांतून तयार झालेल्या समाजाचे. १८७० मध्ये मॅनिटोबा प्रांत कॅनडात सामील झाला तो त्यांनी उभ्या केलेल्या हंगामी सरकारच्या वाटाघाटींमुळे. त्यानंतर ते तीन वेळा कॅनडाच्या संसदेवर निवडून आले आणि एकदाही त्यांना तिथे बसता आले नाही. १८७४ मध्ये ते ओटावाला गुपचूप गेले, सदस्यांच्या नोंदवहीत सही केली आणि अटकेच्या भीतीने निघून गेले, मग संसदेने ठराव करून त्यांना काढून टाकले. १८८५ च्या उठावानंतर त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला आणि १६ नोव्हेंबर १८८५ रोजी रेजायना येथे त्यांना फाशी दिले गेले.

याच संसदेने १० मार्च १९९२ रोजी त्यांच्या गौरवाचा ठराव केला. मॅनिटोबाचे एक संस्थापक म्हणून त्यांचे स्थान मान्य केले, ते तीनदा निवडून आल्याचे नमूद केले आणि आपल्या लोकांच्या हक्कांसाठी त्यांनी प्राणांचे मोल दिले असेही म्हटले. जावयाने तो ठराव मला वाचून दाखवला तेव्हा मी विचारले की, निवडून आलेल्याला बाहेर कोणी काढले ते यात कुठे आहे? ते त्यात नाही. प्राणांचे मोल दिले असे आहे, ते मोल वसूल कोणी केले ते नाही. तरीसुद्धा मला तो ठराव पोकळ वाटत नाही, कारण निदान तीनदा निवडून आल्याचे वाक्य तरी त्यांनी गाळले नाही आणि ज्याला पुढचे ठाऊक आहे त्याला त्या वाक्यापाशी थांबावेच लागते.

आता पुतळ्याची गोष्ट. प्रांताच्या विधानभवनाच्या आवारात १९७१ मध्ये रिएल यांचा पहिला पुतळा बसवला, तो उघडा, पिळवटलेला, यातना भोगणाऱ्या माणसाचा. अनेक मेती लोकांना तो अपमान वाटला. आमचा पुढारी हा राजकारणी होता, कागदपत्रे घेऊन वाटाघाटी करणारा होता, त्याला असा केविलवाणा का दाखवता, असे त्यांचे म्हणणे. तो पुतळा हलवायची वेळ आली तेव्हा एका माजी आमदाराने स्वतःला त्याच्याशी साखळीने बांधून घेतले, कारण त्याला तीच वेदना खरी वाटत होती. अखेर १९९६ मध्ये नवा पुतळा आला. अंगात कोट, कमरेला मेती पट्टा, पायांत मोकासिन, हातात कागद. जुना आता सेंट बोनिफेसच्या विद्यापीठाच्या आवारात आहे. मी दोन्ही पाहिले आहेत. नवा चांगलाच आहे, पण लक्षात राहतो तो जुना, हे कबूल करते. तरी भीमाशंकरच्या ताईंचा प्रतिसाद वाचताना मला त्या मेती लोकांचे म्हणणे आठवले. «व्यथांना वाचा फोडली» हा तुमच्या ठरावातला जुना पुतळा आहे.

२०२३ मध्ये मॅनिटोबाच्या विधानसभेने कायदा करून रिएल यांना प्रांताचे पहिले प्रीमियर (म्हणजे आपल्याकडचे मुख्यमंत्री) ही मानाची पदवी दिली. त्या वेळी तिथले प्रीमियर वॉब किन्यू हे स्वतः मूळनिवासी होते.

औंधचा वाचक

आजी, त्याच विधानसभेतले एलायजा हार्पर यांचे उदाहरणही इथे नोंदवायला हवे. १९९० च्या जून महिन्यात मीच लेक कराराला मंजुरी देण्यासाठी मॅनिटोबाच्या विधानसभेला नेहमीची मुदत गाळून चर्चा सुरू करायची होती आणि त्यासाठी सर्व सदस्यांची एकमुखी संमती लागत होती. मूळनिवासींना विचारात न घेता केलेल्या या घटनादुरुस्तीला हार्पर यांनी हातात गरुडाचे पीस धरून रोज शांतपणे «नाही» एवढेच म्हटले आणि मुदत टळली. २०१३ मध्ये ते वारले तेव्हा त्याच विधानभवनात त्यांचे पार्थिव अंत्यदर्शनासाठी ठेवले गेले. त्यांना आदरांजली वाहताना ते «नाही» वगळणे कोणालाही शक्य नव्हते, कारण वगळले असते तर सांगण्यासारखे दुसरे काय उरले असते?

ऑस्ट्रेलियातले नेव्हिल बॉनर यांचे प्रकरण याहून अवघड आहे. १९७१ मध्ये ते क्वीन्सलँडचे सिनेटर झाले, तिथल्या संघीय संसदेतले ते पहिले आदिवासी सदस्य. इंग्रज येण्यापूर्वी हा देश आदिवासींच्या मालकीचा होता हे मान्य करावे आणि त्यांना भरपाई द्यावी, असा ठराव त्यांनी मांडला आणि फेब्रुवारी १९७५ मध्ये सिनेटने तो एकमताने संमत केला. न्यायालयाने मालकीचा तोच मुद्दा माबो खटल्यात उचलून धरला तो १९९२ मध्ये. एवढे असूनही १९८३ मध्ये त्यांच्याच पक्षाने त्यांना उमेदवारांच्या यादीत इतके खाली ढकलले की निवडून येण्याची आशा उरली नाही. ते अपक्ष उभे राहिले आणि थोडक्यात हरले. १९९९ मध्ये ते वारले, त्यांचा अंत्यविधी सरकारी इतमामात झाला, पुढे क्वीन्सलँडमधील एका मतदारसंघाला त्यांचे नाव दिले गेले. पहिले आदिवासी सदस्य हे बिरुद प्रत्येकाच्या तोंडी असते, यादीतली जागा फारशी कोणाच्या तोंडी येत नाही. «पहिले» हा शब्द मोठा सोयीचा आहे. तो म्हटला की त्यांच्या आधी इतकी वर्षे कोणीच का नव्हते, हा प्रश्न विचारावा लागत नाही.

सभाशास्त्र

उदाहरणे बोलकी आहेत आणि माझा पहिला प्रतिसाद थोडा घाईचा होता हे मी मान्य करतो. तथापि, एक प्रश्न उरतोच. सभागृहाने काय केले ते सांगायचे, तर नेत्याने काय केले तेही सगळे सांगावे लागेल. जयपाल सिंह यांनी १९६३ मध्ये झारखंड पक्ष काँग्रेसमध्ये विलीन केला. ज्या मागणीसाठी लोकांनी त्यांना निवडून दिले होते ती पदरात पडण्यापूर्वीच पक्ष संपला. हे ठरावात येणार आहे काय? येणार नसेल तर प्रामाणिकपणाची अट फक्त सभागृहालाच लावल्यासारखे होईल.

भीमाशंकरची वाट

यावे असेच मला वाटते. विलीनीकरणाबद्दल त्यांच्यावर आदिवासी कार्यकर्त्यांनीच कठोर टीका केली आहे, त्यामुळे ते लपवून आम्हाला काही मिळणार नाही. मात्र ते कोणत्या वाक्यात येते याला महत्त्व आहे. आधी मागणी फेटाळली गेली, मग विलीनीकरण झाले, या क्रमाने लिहिले तर वाचणारा स्वतः विचार करील. विलीनीकरण एकटेच आले तर तो नेहमीचा शेरा होईल की, आदिवासी पुढाऱ्यांना राजकारण पेलत नाही.

याच संदर्भात पुण्यातली एक गोष्ट सांगते. क्वीन्स गार्डनमध्ये आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संग्रहालय आहे. तिथे वारली चित्रे, मुखवटे, वाद्ये, दागिने, शेतीची आणि शिकारीची साधने पाहायला शाळांच्या सहली येतात. त्याच परिसरात कौन्सिल हॉल आहे, जिथे मुंबई प्रांताच्या विधिमंडळाची पावसाळी अधिवेशने भरत असत आणि १९३७ मध्ये निवडून आलेली विधानसभाही पहिल्यांदा तिथेच बसली. १९३५ च्या कायद्याने त्या विधानसभेला १७५ जागा दिल्या, त्यांपैकी मागास क्षेत्रे आणि जमाती यांच्यासाठी राखीव जागा एक होती. आज महाराष्ट्राच्या २८८ पैकी २५ जागा अनुसूचित जमातींसाठी आहेत. सहलीतली मुले संग्रहालय बघतात आणि परत जातात, कौन्सिल हॉलकडे कोणी वळत नाही. आदिवासी म्हटले की मुखवटा आणि तारपा डोळ्यांसमोर येतो, सभागृहात उठून हरकत घेणारा माणूस येत नाही. तुमच्या मसुद्यावर माझा जीव अडकला तो यामुळे.

लकडीपूल

माणिकराव गावित नंदुरबारमधून नऊ वेळा लोकसभेवर गेले आणि २००९ मध्ये हंगामी अध्यक्ष म्हणून त्यांनी नव्या सदस्यांना शपथ दिली. सभागृहाच्या सर्वोच्च आसनावर बसलेला हा माणूस पुण्यातल्या किती जणांना नावाने तरी आठवतो, हा प्रश्न ताईंच्या प्रतिसादामुळे मी आधी स्वतःलाच विचारला आणि उत्तर शोधायला मला वेळ लागला.

निवृत्त प्रतिवेदक (कोथरूड)

दोन दिवस विचार करून मसुदा पुन्हा लिहिला आहे. लिहिताना एक गोष्ट नव्याने जाणवली. आमचे काम सदस्य जे बोलले ते जसेच्या तसे उतरवण्याचे होते. सदस्य वारल्यावर जो प्रस्ताव येई, त्यात आम्ही उतरवलेल्या हजारो पानांमधले एक वाक्यही क्वचितच असे आणि इतक्या वर्षांत हे मला कधी खटकले नव्हते.

«हे सभागृह घटना समितीचे व लोकसभेचे सदस्य जयपाल सिंह मुंडा यांना अभिवादन करीत आहे. खुंटीजवळच्या टाकरा या दुर्गम खेड्यातील मुंडा आदिवासी कुटुंबात ३ जानेवारी १९०३ रोजी त्यांचा जन्म झाला. ऑक्सफर्ड येथे त्यांचे शिक्षण झाले आणि १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये भारतीय हॉकी संघाचे ते कर्णधार होते. १९ डिसेंबर १९४६ रोजी घटना समितीत बोलताना, आदिवासींना लोकशाही शिकवण्याऐवजी त्यांच्याकडून ती शिकावी, असे त्यांनी सांगितले. त्यांनी आग्रह धरलेला आदिवासी हा शब्द राज्यघटनेत आला नाही. त्यांनी विरोध केलेले दारूबंदीचे कलम राज्यघटनेत आले. त्यांनी मागितलेले झारखंड राज्य त्यांच्या हयातीत झाले नाही आणि ती मागणी फेटाळली गेल्यानंतर १९६३ मध्ये त्यांनी आपला पक्ष काँग्रेसमध्ये विलीन केला. २० मार्च १९७० रोजी निधन झाले तेव्हा ते लोकसभेचे सदस्य होते. त्यांनी या सभागृहाला जे सांगितले आणि सभागृहाने त्यांना जे उत्तर दिले, त्या दोहोंची हे सभागृह नोंद घेत आहे.»

प्रेरणा आणि पोकळी हे दोन्ही शब्द काढले आहेत. सभाशास्त्र, यात मर्यादा कुठे सुटली असल्यास कळवावे.

सभाशास्त्र

सुटलेली नाही. शेवटचे वाक्य कोरडे आहे, परंतु कामकाजाच्या भाषेत बसते. शब्द घटनेत आला नाही हे वाक्य इंग्रजी आणि हिंदी पाठांच्या बाबतीत तपासून घ्यावे, म्हणजे एखाद्या विद्यार्थ्याने औचित्याचा मुद्दा काढल्यास उत्तर हाताशी असेल.

विनिपेगची आजी (मूळ सहकारनगर)

हा कोट घातलेला पुतळा झाला. मला आवडला.

भीमाशंकरची वाट

काका, «दुर्गम» हा शब्द अजून राहिला आहे. कोणापासून दुर्गम?

निवृत्त प्रतिवेदक (कोथरूड)

काढला. ठराव कोणी मांडायचा हे ठरायचे आहे. तुम्ही मांडावा असे मंडळातील काहींनी सुचवले आहे.

भीमाशंकरची वाट

ठराव सभापतींच्या आसनावरूनच यावा, कारण तो सभागृहाने करायचा आहे. मला बोलावणारच असाल तर एक विनंती आहे. ठरावानंतर दोन मिनिटे स्तब्ध उभे राहण्याऐवजी १९ डिसेंबरचे भाषण पूर्ण वाचून दाखवावे. ते मी वाचीन. माझ्या हिशेबाने त्याला दहा मिनिटांहून अधिक वेळ लागणार नाही. मराठी अनुवाद मी करते आहे, बुधवारपर्यंत इथे टाकते, तो मुळाबरोबर कोणीतरी ताडून पाहावा.

निवृत्त प्रतिवेदक (कोथरूड)

पाठवा, मी ताडून पाहतो. कामकाजपत्रिकेत ठरावासाठी पाच आणि वाचनासाठी पंधरा मिनिटे धरली आहेत. प्रश्नोत्तराचा तास त्यामुळे वीस मिनिटांनी पुढे जाईल.